प्रस्तावना : निवडून मारण्याचे रसायन

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या रक्तात क्लेब्सिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर सापडतो. प्रयोगशाळेच्या अहवालात एकेका प्रतिजैविकापुढे ‘रेझिस्टंट’ असे छापून येते, त्यात कार्बापेनेमही असते, आणि मग डॉक्टर कोलिस्टिन सुरू करतात. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांत याचे आता कोणाला नवल वाटत नाही. कोलिस्टिन हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेले औषध. मूत्रपिंडाला आणि मज्जातंतूंना इजा करते म्हणून १९७० च्या दशकात ते जवळजवळ अडगळीत पडले होते. इतर औषधे चालेनाशी झाली तेव्हा ते पुन्हा बाहेर काढावे लागले. नातेवाइकांना सहसा एवढेच सांगितले जाते की हे शेवटच्या फळीतले इंजेक्शन आहे, किडनीवर लक्ष ठेवावे लागेल.

रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर कोलिस्टिन म्हणजे दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. त्यांतली सात वळून त्यांचे वलय झालेले, टोकाला मेदाम्लाची शेपटी, आणि अंगावर पाच धन प्रभार. जिवाणूंना मारणाऱ्या अशा छोट्या साखळ्यांना सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे म्हणतात. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे. त्याहून अधिक ते या साखळ्या घडवणाऱ्या, तपासणाऱ्या, नाकारणाऱ्या आणि पुन्हा घडवायला बसणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांविषयी आहे.

जिवाणूला मारणारी साखळी मिळवणे हा या विद्येचा सोपा भाग आहे. निसर्गाने त्या जागोजाग ठेवल्या आहेत. जिवाणू मरावा आणि शेजारच्या मानवी पेशीला धक्काही लागू नये, अशी साखळी घडवणे हा कठीण भाग. गेल्या चाळीस वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांचे बहुतेक श्रम तिथेच खर्ची पडले आहेत. आणि हे श्रम मोठ्या प्रमाणात पोस्टडॉक संशोधकांचे आहेत: पीएचडी झालेली, कायमची नोकरी अजून न मिळालेली, एक-दोन वर्षांच्या करारावर काम करणारी ही माणसे. त्यांना जे जमते ते शोधनिबंधात येते. जे जमत नाही ते बहुधा त्यांच्या वहीत राहते, आणि करार संपला की वही कपाटात जाते. या विषयातले निम्मे ज्ञान त्या वह्यांत पडून आहे असे माझे ठाम मत आहे. पुस्तक लिहायला घेतले ते त्यापायीच.

इतिहासाची सुरुवात पेनिसिलिनच्या जवळपासच होते. रेने द्युबॉ यांनी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मातीतल्या बॅसिलस जिवाणूपासून ग्रॅमिसिडिन मिळवले. १९४२ मध्ये मॉस्कोत जॉर्जी गाऊझे आणि मारिया ब्राझ्निकोव्हा या दांपत्याने त्याच जातकुळीच्या जिवाणूपासून ग्रॅमिसिडिन एस शोधले, आणि युद्धातल्या जखमींसाठी सोव्हिएत लष्करी रुग्णालयांत ते वापरले गेले. पण वापरले ते जखमेवर लावण्यापुरते. रक्तात गेले की ते तांबड्या पेशीही फोडते. म्हणजे या विषयाची मुख्य अडचण पहिल्या काही वर्षांतच दिसली होती. नंतर पेनिसिलिन आणि त्याच्या मागून आलेल्या औषधांनी जगाला इतका दिलासा दिला की ही अडचण सोडवण्याची निकड कोणालाच उरली नाही. नायसिन नावाचे असेच एक पेप्टाइड तेवढे चीज आणि डबाबंद पदार्थ टिकवण्याच्या कामी लागले आणि तिथेच स्थिरावले.

मग १९८१ साल. स्टॉकहोममध्ये हान्स बोमन आणि त्यांचे सहकारी सेक्रोपिया या रेशमी पतंगाच्या कोशांत जिवाणू टोचून पाहत होते. कीटकांना आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात, तरी कोशातला जीव जिवाणूंचा निकाल लावत होता. त्याच्या द्रवातून जे निघाले त्याला त्यांनी सेक्रोपिन म्हटले. सेक्रोपिन ए या साखळीत ३७ अमिनो आम्ले आहेत. १९८५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट लेहरर यांच्या गटाने माणसाच्या पांढऱ्या पेशींत डिफेन्सिने दाखवली. म्हणजे हे हत्यार आपल्याही अंगात होतेच.

मायकेल झासलॉफ यांची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ते आफ्रिकन झेनोपस बेडकांच्या अंडपेशी वापरून अगदी वेगळ्या विषयावर काम करत होते. बेडकाच्या पोटाला छोटी चीर द्यायची, अंडपेशी काढायच्या, टाके घालायचे आणि त्याला परत टाकीत सोडायचे, असा शिरस्ता. टाकीतले पाणी निर्जंतुक नव्हते. तरी जखमा चिघळत नव्हत्या. त्यांनी कातडी तपासली आणि १९८७ मध्ये २३ अमिनो आम्लांची मॅगेनिने जगासमोर मांडली. वर्तमानपत्रांतली गोष्ट इथे संपते. पुढची तीस वर्षे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मॅगेनिनात फेरफार करून २२ अमिनो आम्लांचे पेक्सिगनान तयार झाले. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर लावायचे मलम म्हणून त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांसमोर ते गेले, आणि मान्यता मिळाली नाही, कारण बाजारात असलेल्या गोळ्यांपेक्षा ते सरस आहे असे दिसले नव्हते. नंतर दुसऱ्या कंपनीने ते पुन्हा हाती घेतले. २०१६ मध्ये त्या चाचण्यांचाही निकाल आला: औषध घातलेले मलम आणि न घातलेले मलम यांत म्हणावा तसा फरक नव्हता. बेडकाच्या कातडीपासून इथवर तीस वर्षे लागली. या काळात किती संशोधकांनी या साखळीतले एकेक अमिनो आम्ल बदलून पाहिले असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे. त्यांचे काम वाया गेले असे मी म्हणणार नाही. आज एखादी नवी साखळी आखताना आपण जे नियम गृहीत धरतो, ते बरेचसे त्यांनीच शिकवलेले आहेत.

ते नियम काय? जिवाणूच्या पेशीपटलाच्या बाहेरच्या अंगाला ऋण प्रभार असलेले मेदरेणू मोठ्या संख्येने असतात, फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन यांसारखे. मानवी पेशीच्या बाहेरच्या अंगाला बहुतेक उदासीन मेदरेणू आणि कोलेस्टेरॉल असते. तिचे ऋण प्रभाराचे रेणू आतल्या बाजूला राखलेले असतात. म्हणून धन प्रभाराची साखळी आधी जिवाणूकडे ओढली जाते. जवळ गेल्यावर मात्र प्रभार पुरत नाही. पटलात शिरायचे तर साखळीचा एक भाग पाण्याला दूर ठेवणारा, तेलकट असावा लागतो. साखळीने सर्पिल रूप घेतले की एका वेढ्यात सुमारे ३.६ अमिनो आम्ले बसतात. त्यामुळे दर तिसऱ्या-चौथ्या जागी लायसिन ठेवले तर सगळे धन प्रभार सर्पिलाच्या एका अंगाला येतात आणि तेलकट गट दुसऱ्या अंगाला. पाण्यात हीच साखळी अस्ताव्यस्त असते. पटलाला टेकली की तिला आकार येतो, आणि हा बदल वर्तुळ द्विवर्णतेच्या आलेखावर स्पष्ट दिसतो. तो पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

अडचण अशी की दोन्ही गुणांना मर्यादा आहेत आणि त्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत. तेलकटपणा वाढवला की जिवाणू लवकर मरतात, पण साखळी कोलेस्टेरॉलवाल्या पटलातही घुसू लागते. मधमाशीच्या विषातले २६ अमिनो आम्लांचे मेलिटिन हे याचे टोकाचे उदाहरण. ते जिवाणू आणि तांबड्या पेशी यांत भेदच करत नाही. धन प्रभार वाढवत नेले तर एका टप्प्यानंतर फायदा थांबतो आणि इतर उपद्रव सुरू होतात. त्यात प्रभारासाठी लागणारी लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्ले जिथे असतात नेमके तिथेच ट्रिप्सिन हे विकर साखळी कापते. जे हत्यार परजायचे तेच शरीरात सर्वांत आधी मोडते. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर आणि सर्वांत छळणारी अडचण वाटते, आणि पुस्तकात मी तिला बरीच जागा दिली आहे.

या अडचणीवरचा एक उतारा एका जुन्या प्रयोगातून आला. रॉकफेलरमधल्याच ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये पेप्टाइड घडवण्याची घनाधार पद्धत मांडली. दागिने ओवणारा पटवेकरी दोऱ्याचे एक टोक खुंटीला अडकवून ठेवतो आणि दोन्ही हात ओवायला मोकळे ठेवतो, तसे मेरिफील्ड यांनी साखळीचे पहिले अमिनो आम्ल रेझिनच्या बारीक कणाला घट्ट बांधले. मग पुढचे जोडायचे, उरलेली रसायने धुऊन टाकायची, त्यापुढचे जोडायचे. आधी दर पायरीला पदार्थ वेगळा करून शुद्ध करावा लागे, त्यात महिने जात. या पद्धतीसाठी मेरिफील्ड यांना १९८४ चे नोबेल मिळाले. त्यांनी बोमन यांच्याबरोबरही काम केले, आणि १९९० मध्ये त्यांच्या गटाने सेक्रोपिन, मॅगेनिन आणि मेलिटिन यांच्या आरशातल्या प्रतिमा बनवल्या. निसर्गातली प्रथिने डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची असतात. या साखळ्या पूर्णपणे उजव्या घडणीच्या होत्या. त्यांनी जिवाणू तितक्याच ताकदीने मारले.

या निकालातून दोन गोष्टी एकदम कळल्या. या साखळ्यांना जिवाणूवर कुठली ठरावीक घडणीची प्रथिनरूपी खाच लागत नाही. त्यांचे लक्ष्य पटलच आहे. आणि ट्रिप्सिन उजव्या घडणीची साखळी ओळखत नसल्यामुळे ती मोडतही नाही. एखाद्या शंकेचे उत्तर रसायनशास्त्र इतक्या नेमकेपणाने देते अशी उदाहरणे थोडी आहेत, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना मी याच प्रयोगापाशी सर्वांत जास्त रेंगाळते. १९९० चा तो शोधनिबंध आजही वाचण्यासारखा आहे. त्याच्या लेखकांची यादी लांब आहे, आणि मधल्या नावांशिवाय तो झालाच नसता.

आता पोस्टडॉकच्या टेबलाकडे येऊ. रेझिन डीएमएफ या द्रावकात फुगवायचे. पिपरिडिन घालून अमिनो आम्लावरचे एफमॉक हे संरक्षक झाकण काढायचे. हे झाकण लुई कार्पिनो यांनी १९७० मध्ये सुचवले, आणि ते आज बहुतेक प्रयोगशाळांत वापरात आहे. पुढचे अमिनो आम्ल जोडायचे. थोडे रेझिन काढून कैसर टेस्ट करायची: कण निळे झाले तर जोडणी अपुरी, परत करा. शेवटी टीएफए या आम्लाने साखळी रेझिनपासून तोडायची, थंड ईथरमध्ये पाडायची, एचपीएलसीवर शुद्ध करायची, वस्तुमान तपासायचे. ३७ अमिनो आम्लांच्या साखळीत ३६ जोडण्या असतात. दर जोडणी ९९ टक्के झाली तर शेवटी हातात सुमारे ७० टक्के माल बरोबर असतो. दर जोडणी ९५ टक्केच झाली तर १६ टक्क्यांच्या आसपास. चार टक्क्यांच्या या फरकासाठी एक माणूस आठवडेच्या आठवडे रात्री उशिरापर्यंत थांबतो. आता यंत्रे हे काम करतात, पण अडलेल्या जोडणीपाशी यंत्रही थांबते, आणि तिथे माणसाची समज लागते.

माल हातात आल्यावर कसोटी. शहाण्णव खाचांच्या ताटलीत जिवाणू वाढवायचे, पेप्टाइडाचे प्रमाण निम्म्या-निम्म्याने कमी करत न्यायचे, आणि सर्वांत कमी किती प्रमाणात वाढ थांबते ते पाहायचे. बाहेरच्या माणसाला हे यांत्रिक वाटते. पण नेहमीच्या पॉलिस्टायरीनच्या ताटलीला धन प्रभाराची पेप्टाइडे चिकटतात आणि आकडा चुकीचा येतो. म्हणून व्हँकुव्हरच्या रॉबर्ट हॅन्कॉक यांच्या प्रयोगशाळेने पॉलिप्रोपिलीनची ताटली वापरायची पद्धत रूढ केली. टीएफएचे अंश पेप्टाइडाबरोबर मिठाच्या रूपात उरतात आणि तेही पेशींना त्रास देतात. ते बदलून अ‍ॅसिटेट किंवा क्लोराइड करावे लागते. माध्यमात मीठ वाढले की अनेक पेप्टाइडे दुबळी होतात, आणि माणसाच्या रक्तात तर मीठही आहे आणि प्रथिनेही. काचेतला चांगला आकडा शरीरात का टिकत नाही, याची अर्धी उत्तरे या बारकाव्यांत आहेत. दुसऱ्या ताटलीत तांबड्या पेशी असतात. त्या फुटल्या की द्रव लाल होतो, आणि तो लाल रंग मोजायचा. उत्तम जिवाणूनाशक ठरलेली किती पेप्टाइडे या लाल रंगापाशी संपली, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

रसायनशास्त्रज्ञांनी या अडचणीवर नाना उपाय काढले. साखळीचे टोक टोकाला जोडून वलय केले. सर्पिलाच्या दोन वेढ्यांत हायड्रोकार्बनचा टाका घालून तो घट्ट केला. विस्कॉन्सिनमध्ये सॅम्युएल गेलमन यांच्या गटाने कण्यात एक जादा कार्बन असलेली बीटा-अमिनो आम्ले वापरली. त्यांच्या साखळ्या २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आल्या, आणि त्या जिवाणूंना मारूनही तांबड्या पेशींना फारशा फोडत नव्हत्या. भारताचा या प्रवाहातला वाटा मोठा आहे. मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये जो नकाशा मांडला, त्यातून साखळीला कुठली वळणे शक्य आणि कुठली अशक्य हे कळले. बंगळुरूला पी. बलराम यांनी आयब हे निसर्गात विरळ आढळणारे अमिनो आम्ल घेऊन साखळीला हव्या त्या सर्पिलात कसे बांधता येते ते दाखवले. त्या नकाशावर आयबला फार थोडी जागा आहे, म्हणूनच ते इतके उपयोगी. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आर. नागराज यांनी सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांवर अनेक वर्षे काम केले. भारतीय विद्यार्थ्याने या क्षेत्रात पाऊल टाकताना पहिल्यांदा परदेशी नावे पाठ करावीत, अशी स्थिती नाही.

तरीही यश सोपे नाही. झुरिकमध्ये डुकराच्या पांढऱ्या पेशींतल्या प्रोटेग्रिनपासून सुरुवात करून म्युरेपाव्हाडिन घडवले गेले. ते पटलावर अंदाधुंद हल्ला करत नाही. स्यूडोमोनास या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या एका प्रथिनाला धरते. निवड इतकी चोख की त्याच्याकडून मोठ्या आशा होत्या. २०१९ मध्ये त्याच्या इंजेक्शनची शेवटच्या टप्प्यातली चाचणी थांबवावी लागली, कारण मूत्रपिंडाला अपेक्षेपेक्षा जास्त इजा दिसली. कोलिस्टिनने अनेक दशकांपूर्वी जिथे दुखावले होते, तिथेच. दुसरीकडे २०२४ च्या जानेवारीत झोसुराबाल्पिनची बातमी आली. अ‍ॅसिनेटोबॅक्टरच्या आवरणाचा माल बाहेर नेणारी यंत्रणा ते अडवते. तेही वलयाकार पेप्टाइडांच्या घराण्यातले. पहिले रेणू रक्ताला सोसेनात, म्हणून त्यांच्यावरच्या प्रभारांची मांडणी बदलून पाहावी लागली. ती बदलणारे हात पुन्हा रसायनशास्त्रज्ञांचेच.

जिवाणूही स्वस्थ बसत नाहीत. पेप्टाइडे पटलावर घाव घालतात म्हणून त्यांना प्रतिरोध होणे अवघड, असा एक आशावाद या क्षेत्रात दीर्घकाळ होता. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ या जनुकाचे वर्णन केले. डुकरे, मांस आणि रुग्ण अशा तिन्ही ठिकाणच्या जिवाणूंत ते सापडले होते, आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या प्लास्मिडवर बसलेले होते. हे जनुक करते काय, तर आवरणातल्या लिपिड ए या रेणूवर फॉस्फोइथॅनॉलअमाइन चिकटवते. ऋण प्रभार घटतो आणि कोलिस्टिनची पकड सुटते. स्टॅफिलोकॉकस तर आपल्या मेदरेणूंना चक्क लायसिन जोडून घेतो. आम्ही ज्या प्रभाराच्या जोरावर नेम धरतो, तोच प्रभार ते बदलतात. कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यातही घातले जाई. भारताने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. ही बंदी आणखी आधी यायला हवी होती. लढाई किती मोठी आहे हे एका आकड्यावरून कळेल: २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला.

पोस्टडॉकच्या वहीकडे मी परत येते, कारण तिचा आणि आजच्या सर्वांत नव्या तंत्राचा थेट संबंध आहे. वीस अमिनो आम्लांतून वीस लांबीची साखळी करायची तर शक्यता एकावर सव्वीस शून्ये इतक्या आहेत. त्या सगळ्या कोणी घडवून पाहू शकत नाही. म्हणून संगणकाला आधीची उदाहरणे शिकवून पुढच्या साखळीचा अंदाज घ्यायचा. या कामासाठी लागणारे संग्रह जगात मोजके आहेत, आणि त्यांतला एक महत्त्वाचा मुंबईत परळला घडला: प्रजनन आरोग्यावर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत सुझन इडिक्युला-थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॅम्प’ हा सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांचा संग्रह २०१० मध्ये जगाला खुला केला. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या येत राहिल्या. यंत्राला शिकवायचे तर दोन्ही प्रकारची उदाहरणे लागतात, मारणाऱ्या साखळ्या आणि न मारणाऱ्या. मारणाऱ्या हजारोंनी छापलेल्या आहेत. न मारणाऱ्या कोणी छापत नाही. नियतकालिकांना त्या नको असतात, मार्गदर्शकांना त्यांवर वेळ घालवायचा नसतो, आणि करार संपत आलेल्या पोस्टडॉकला पुढच्या अर्जासाठी यशस्वी निष्कर्ष हवा असतो. मग यंत्र शिकवणारे लोक इतर प्रथिनांचे तुकडे घेतात आणि ते निष्क्रिय असतील असे धरून चालतात. प्रत्यक्ष घडवून, तपासून निष्क्रिय ठरलेली साखळी मात्र कुठल्यातरी कपाटात असते.

हे सुधारता येईल, आणि त्यासाठी नवा निधी किंवा नवी इमारत लागत नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपची मुदत दोन वर्षे आहे; परदेशातले करारही बहुधा एक-दोन वर्षांचे आणि वाढ मिळाली तर मिळाली. निवडून मारणारे पेप्टाइड घडवायला याच्या कितीतरी पट काळ लागतो. मुदत वाढवणे सरकारच्या हातात आहे, आणि ती वाढवावी असे माझे मत आहे. पण तोवर निदान फेलोशिप संपताना संशोधकाने घडवलेल्या प्रत्येक साखळीचा क्रम, शुद्धता, जिवाणूंवरचा आकडा आणि तांबड्या पेशींवरचा आकडा सार्वजनिक संग्रहात जमा करायचा, असा नियम कुठलीही निधी देणारी संस्था उद्यापासून करू शकते. पुढच्या माणसाची दोन वर्षे त्याने वाचतील.

निसर्गातून अजून बरेच यायचे आहे, तेही आपल्या दारातून. पुण्याच्या आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा ही बेडकाची नवी जात वर्णिली. याच जातीच्या कातडीतल्या पेप्टाइडांवर तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्राच्या आणि अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी काम केले, आणि २०१७ मध्ये उरुमिन हे २७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड प्रसिद्ध केले. एच१ गटाच्या इन्फ्लुएन्झा विषाणूंना ते निष्प्रभ करते. सह्याद्रीतल्या बेडकांवर रस्त्यांचा मारा होत असताना त्यांच्या कातडीत काय काय आहे याची नोंद व्हायला हवी. त्या कामात वर्गीकरण करणारा प्राणिशास्त्रज्ञ आणि साखळी घडवणारा रसायनशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसला पाहिजे. आपल्या विद्यापीठांत हे दोन विभाग अनेकदा एकाच इमारतीत असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिली दोन प्रकरणे पटल आणि प्रभार यांची आहेत. बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र आठवत असेल तर ती कळतील. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत साखळी घडवणे, तोडणे, शुद्ध करणे आणि ट्रिप्सिनपासून वाचवणे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी ती टेबलावर उघडी ठेवून वापरावीत अशी माझी इच्छा आहे. सहावे प्रकरण पेक्सिगनान, म्युरेपाव्हाडिन आणि कोलिस्टिन यांच्या चाचण्यांचे. डॉक्टर आणि औषधविक्रेते वाचकांनी तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. प्रत्येक प्रकरणाअखेर निष्क्रिय किंवा विषारी ठरलेल्या साखळ्यांची यादी दिली आहे, त्यांचे क्रम आणि आकडे यांसह. काही माझ्या स्वतःच्या वहीतल्या आहेत, आणि काही सहकाऱ्यांनी परवानगी देऊन दिलेल्या आहेत. वाचकाने ही याद्यांची पाने ओलांडून पुढे जाऊ नये. एखाद्या यादीत लायसिनची जागा एका घराने सरकल्यामुळे साखळी गारद झालेली दिसेल. तिचा सर्पिल कागदावर काढून पाहावा, म्हणजे का ते कळेल. ज्या साखळ्यांचे कारण मला अजून लागलेले नाही त्यांच्यापुढे मी फुली केली आहे. एखाद्या विद्यार्थ्याला ते सापडले तर पुढच्या आवृत्तीत ते त्याच्या नावाने छापायला मला आनंद होईल.